पुसलेले पट्टे

लाँड्रीवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला, इस्त्रीच्या गठ्ठ्यांच्या आड एक फळी होती. फळीवर पत्र्याचे डबे आणि डब्यांत मेलेल्या टीव्ही-रेडिओंची आतडी. भंगारवाल्यानं जुना टीव्ही फोडायला काढला की तो आधी याला हाक मारायचा, आणि हा इस्त्री उभी करून धावत सुटायचा. बायको म्हणायची, "गिऱ्हाइकासाठी असं कधी पळाला नाहीत."

नव्या सुट्या भागांत त्याला रस नव्हता. त्यांच्यावर सगळं छापलेलंच असतं, त्यात काय शोधायचं? त्याचा जीव रमायचा तो बिननावाच्या भागांत. अक्षरं घासून टाकलेला ट्रान्झिस्टर, किती वीज अडवतो हे सांगणारे रंगीत पट्टे उडालेला रेझिस्टर. मीटरच्या दोन सुया लावायच्या आणि उलटतपासणी घ्यायची: वीज एकाच बाजूनं सोडतोस की दोन्ही बाजूंनी, आणि अडवतोस तरी किती? उत्तर मिळालं की चिकटपट्टीवर लिहून ती त्या भागाला गुंडाळायची. भागही बिचारे खोटं बोलत नसत, असं तो अभिमानानं सांगायचा. विचारणाऱ्याचं काय, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुकानावरच्या खोलीत त्याचा थोरला भाऊ, दादा, अंथरुणाला खिळलेला होता. अर्धांगवायूनं आवाज बसवला, बोटांतला जोर नेला. बाजारातल्या बेलचं बटण त्याला दाबता येईना. मग लाँड्रीवाल्यानं स्वतःच सेलवर चालणारी बेल जुळवली. दादाच्या हाताशी एका लाकडी तुकड्यावर पत्र्याच्या दोन पट्ट्या. दोन्हींवर मिळून बोट नुसतं टेकवलं की बोटातून नखभर वीज जायची आणि खाली दुकानात बेल वाजायची. सगळा माल भंगारातला. दादाला पाणी हवं असो, कूस बदलायची असो, लाँड्रीवाला दोन-दोन पायऱ्या चढत वर हजर व्हायचा.

एकदा तो लाकडी तुकडा खाली पडला आणि आतला रेझिस्टर तुटला. लाँड्रीवाल्यानं डब्यातून दुसरा काढला. पट्टे पार उडालेले, पण बोटांत धरून मोजला तर आकडा जमला. तो लावला, बोट टेकवून पाहिलं, बेल वाजली. विषय संपला.

त्यानंतर बेल वाजायची बंदच झाली म्हणा ना. दादाला हल्ली काही लागत नाही, असं याला वाटलं. एका दुपारी बायको जेवण घेऊन वर गेली तर चादर ओली आणि दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. बेल का नाही वाजवली, असं तिनं विचारलं.

"वाजवली," दादा पुटपुटला.

लाँड्रीवाला वर आला. पट्ट्यांवर बोट ठेवताच खाली बेल खणखणली. "चालतेय की, दादा. तुला वाटलं असेल वाजवली." पुढेही असंच झालं, आणि दर वेळी लाँड्रीवाल्याच्या बोटाखाली बेल शहाण्यासारखी वाजली.

दादाची मुलगी परगावी नोकरीला होती. तिला लाँड्रीवाल्यानं फोनवर सांगितलं, "बेल ठणठणीत आहे गं. तुझे बाबाच वाजवत नाहीत. मन उडालंय त्यांचं."

"मग काका, चोवीस तास माणूस असेल अशा ठिकाणीच ठेवू या त्यांना," ती म्हणाली. "मी रविवारी येऊन घेऊन जाते."

दादाला विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. ते ‘लगेच’ लाँड्रीवाल्याच्या फार जिव्हारी लागलं. सगळा जन्म एका छपराखाली काढला, आणि जाताना इतकी घाई?

शनिवारी त्याचं इस्त्रीत लक्ष लागेना. डबा उघडून बसला. बेलमध्ये लावलेल्या रेझिस्टरचा जुळा हाताला लागला. दोघे एकाच टीव्हीतून निघालेले. याचे तारेचे पाय इतके आखूड होते की बोटांत धरवेना, म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यात पकडून त्यानं सुया टेकवल्या. आकडा भलताच मोठा आला. मीटर बिघडला म्हणावं तर दुसऱ्या भागांचे आकडे बरोबर. मग त्यानं तोच रेझिस्टर कसाबसा दोन्ही टोकांना बोटांनी दाबून धरला. आकडा धाडकन खाली, बेलमधल्या जुळ्याचा आला होता बरोब्बर त्या ठिकाणी.

मीटरनं त्या दिवशी रेझिस्टर मोजलाच नव्हता, याचे हात मोजले होते. दिवसभर कपड्यांवर पाणी शिंपडणारे, वाफेनं भिजलेले हात; मीटरची वीज त्यांतूनच पळाली होती. दोन्ही टोकं बोटांत धरून मोजू नये, हे तो इतरांना बजावत आला होता. वर बेलमध्ये बसलेला तो भाग भलतीच वीज अडवत होता. याच्या ओल्या बोटातून जेमतेम पुरेशी जायची. दादाच्या कोरड्याठाक बोटातून जात नव्हती, आणि दादाला बोट लावून दाखव म्हणायचं याला एकदाही सुचलं नव्हतं.

तो वर गेला. "दादा, चूक माझी आहे. तू बोट लावलंस की बेल वाजतच नव्हती. मी लावलं की वाजायची."

दादानं मान वळवली. "म्हणजे तुला ऐकूच येत नव्हतं?"

"नाही रे."

"मला वाटलं, ऐकू येतंय आणि तू येत नाहीस." दादा थांबत थांबत बोलत होता. "कंटाळला असशील. माणूस कंटाळणारच. म्हणून तिला हो म्हटलं."

लाँड्रीवाला पलंगाच्या कडेवर बसून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसले, हात पुसले, भाग बदलला, आणि या वेळी बोट दादाचं टेकवून घेतलं.

रविवारी पुतणी आली. लाँड्रीवाल्यानं तिला जिन्यातच थांबवून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तरी बाबांनाच विचारते, काका," आणि वर गेली. हा खाली कोणाचा तरी शर्ट पुढ्यात घेऊन उभा राहिला. बाही कुठली, कॉलर कुठली, काही कळत नव्हतं.

बेल वाजली. तो धावत वर गेला.

"निघायचं ना, असं मी विचारलं," पुतणी म्हणाली, "तर उत्तर द्यायचं सोडून यांनी बेलवरच बोट ठेवलं."

"काय हवंय, दादा?" लाँड्रीवाल्याला धाप लागली होती.

"काही नको," दादा म्हणाला. "तू येतोस, ते हिला दाखवत होतो."