शाई लावलेलं बोट

मतदान करून बाहेर आलेली शेजारची सुनीता बोटावरच्या शाईकडे बघत उभी होती. तिला दोन मुली आहेत. तिसरं नको म्हणून ऑपरेशनला गेली, तर दवाखान्यातून "नवऱ्याला घेऊन या" म्हणून परत पाठवलं. नवरा काही जात नाही. प्रचाराला आलेल्या उमेदवाराला तिनं ओवाळलं, त्यानंही मुलगा होण्याचाच आशीर्वाद दिला. निरांजनाच्या उजेडात तिचा उतरलेला चेहरा मी पाहिला होता. रस्ता, पाणी सगळेच कबूल करतात. बाई, तुला काय हवंय, असं विचारणारा एखादा कधीतरी दारात यावा, असं मला फार वाटतं.

"ताई," सुनीता हळूच म्हणाली, "इथं कुणी नवऱ्याला घेऊन या म्हणालं नाही."