पांढरी पुडी

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कमलाबाईंना ओळखत नाही आणि बहुधा कधी ओळखणारही नाही. हे कारण काही शूरपणाचं नाही — ठाऊक आहे मला.

मी मूळची जळगावची. चेन्नईत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. वेलचेरीत, कमलाबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नवरा पुण्याला असतो, महिन्याकाठी एक चक्कर मारतो. जिना बाहेरून आहे. खाली बाई एकट्याच. त्या तंजावरकडच्या मराठी. आपण 'सगळं' म्हणू तिथे त्या 'अवघं' म्हणतात, लाल रंगाला 'तांबडं', आणि वाक्याला तमिळ हेल. मला लाडाने 'कण्णा' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. सुरुवातीला मला हसू यायचं. पण मला ताप आला की याच बाई गुडघे धरत जिना चढायच्या आणि रसमभात भरवायच्या. हे मुद्दाम सांगते आहे. एखाद्या खाष्ट घरमालकिणीला फसवलं असतं, तर सांगायला किती सोपं गेलं असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा मुकुंद क्वालालंपूरला गेला होता, एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून. मी इथे राहायला आले त्याच्या कितीतरी आधी. आधी फोन यायचे, मग कमी झाले, मग बंद. पाठवणाऱ्या एजंटने हात वर केले. आहे की गेला — कुणी सांगेना. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत तुम्हाला माहीत असेल. ती बारा वर्षं भरत आली होती. बाईंचे धाकटे दीर आणि गुरुजी मागे लागले होते. बाई एकच म्हणायच्या, देवाला विचारल्याशिवाय नाही. आणि देव कुठला? तर मुलगा जिथे हरवला, तिथला.

नेमकी तेव्हाच मी तिकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा देश सोडत होते. कारखान्यात माणसं कमी करणं चाललं होतं, क्वालालंपूरला एक मैत्रीण होती, तिने दोन-तीन मुलाखती जुळवून दिल्या. कागदोपत्री मी पर्यटक. आणि तिथल्या बाटू गुंफांतल्या मुरुगनला, म्हणजे आपल्या कार्तिकेयाला, नोकरीचं गाऱ्हाणं घालायचं, असंही ठरवलं होतं. फिरणं, नोकरी, देव — एका तिकिटात तिन्ही उरकायचा बेत. आहेच मी तशी.

निघायच्या सकाळी बाईंनी माझ्या हातात दोन पुड्या ठेवल्या. एकीत अंगारा, एकीत कुंकू. कागद सारखा, दोरा सारखा. दोन्ही देवाच्या पायाशी ठेवायच्या, डोळे मिटून एक उचलायची. आपल्याकडे कौल लावतात, तसंच. पांढरं आलं तर मुकुंद आहे, थांबायचं. तांबडं आलं तर —

"तर अवघं करून टाकू, कण्णा. लेकरू लटकून नको राहायला."

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि मी त्या पुड्या चेन्नईच्या विमानतळावरच फेकल्या.

हो. विमानात बसायच्याही आधी. रांगेत उभी असताना डोक्यात आलं, की तिकडे बॅग उघडली आणि कुणी विचारलं, ही पांढरी पूड कसली? तिकडचे कायदे कडक, आणि मी फिरायला आले असं खोटं सांगून नोकरी शोधणार. कचऱ्याच्या डब्यात लोक पाण्याच्या बाटल्या टाकत होते, त्यांत मी पुड्या टाकल्या. अख्खं चेन्नई कपाळाला अंगारा लावून विमानात चढतं, हे मला सुचलं नाही का? सुचलं. तरी टाकल्या.

इथवर तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी. थांबा.

मी बाटू गुंफांत गेले. पायऱ्या चढले, माकडांपासून चष्मा वाचवला, फोटो काढले. पायथ्याशी दुकानात अंगारा आणि कुंकू ढिगाने विकायला होतं. दोन चिमटी घ्यायच्या, कागदात बांधायच्या — काय लागलं असतं? वर गुंफेत गारवा होता, छतातून पाणी ठिबकत होतं. मी हात जोडले. मुकुंदचं नाव ओठांवर आलंही होतं. पण वाटलं, एका वेळी दोन मागणी कशाला? माझं मागे पडलं तर? मी ते नाव गिळलं आणि स्वतःसाठी नोकरी मागितली. त्या क्षणी मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं, अगदी जवळ, ओल्या कपड्यांचा वास येईल इतकं. वळून पाहिलं तर मागची जागा मोकळी होती.

नोकरी मिळाली नाही. परत आले तेव्हा बाई फाटकाशी उभ्या होत्या. प्रवास कसा झाला, जेवलीस का — काही नाही. "पांढरं की तांबडं?"

"पांढरं," मी म्हटलं. पुडी पुजाऱ्याने ठेवून घेतली, असंही वर जोडलं. त्यांनी माझे हात धरून डोळ्यांना लावले. मला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

गुरुजींना त्यांनी नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार उघडं ठेवायला लागल्या. भर बाराला केळीचं पान मांडायचं, भात वाढायचा, समोर बसायचं. सुट्टीच्या दिवशी मी वरून बोलणं ऐकायची. आधी फक्त बाईंचं. मग मध्ये मध्ये त्या थांबायला लागल्या, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तितकंच. एका रविवारी मी विचारलं. त्या साधेपणाने म्हणाल्या, "येतो की. उंबऱ्यापाशी उभा राहतो. आत ये म्हटलं तर येत नाही. अवघा भिजलेला असतो."

मे महिना होता. कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. मी जिन्याकडे वळले आणि पहिल्या पायरीवर ओलं पाऊल दिसलं. अनवाणी, पुरुषाचं, बोटं वरच्या दिशेला. बघता बघता ते वाळलं. बाईंचेच पाय असतील, न्हाणीतून आल्या असतील — मी स्वतःला कितीदा समजावलं. बाईंचं पाऊल माझ्या तळहाताएवढं आहे.

भीती वाटली का? वाटली. पण भुताची वाटली असती तर घर सोडलं असतं. मला भीती होती ती बाईंनी पुन्हा विचारण्याची.

ती वेळही आली. परवा दीर गुरुजींना घेऊन आले. बाईंची तब्येत ढासळली आहे, भात पानावर तसाच राहतो, त्या स्वतःही जेवत नाहीत. दीर रडकुंडीला येऊन म्हणाले, वहिनी, आता तरी त्याला मोकळं करा. बाईंनी मला खाली बोलावलं. दार उघडंच होतं.

"काल तोही तेच म्हणाला," त्या म्हणाल्या. "अम्मा, मला सोड. मी म्हटलं, कसं सोडू? देवाने पांढरं दिलंय, तू आहेस. तर विचारतो, पुडी कुणी उचलली? मी तुझं नाव सांगितलं, कण्णा. आता यांनाही सांग तूच. पांढरंच होतं ना?"

तिघं माझ्याकडे पाहत होते. एक शब्द पुरला असता. दीर मला रागावले असते, बाई रडल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी तो पुतळा पेटला असता. मला हे सगळं त्या वेळी स्वच्छ दिसत होतं. आणि उघड्या दाराकडून ओल्या कपड्यांचा वास येत होता. तिकडे मी पाहिलं नाही.

"पांढरंच होतं," मी म्हटलं. "माझ्या हाताने उचललं."

गुरुजी उठले, चपला घालून निघून गेले. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पान मांडायला घेतलं.