बारावी कुठं झाली

माझी जाऊ माझ्याहून धाकटी. ती चारचौघींत हसत बोलते, बायका तिच्याभोवती जमतात. मला चार माणसांत तोंड उघडवत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, ती शाळेत गेलीच नाही, तरी लग्नाकार्यात बोलावणं आधी तिला. माझ्याकडे तिच्याहून सरस अशी एकच गोष्ट होती. माझी मुलगी वर्गात पहिली यायची. तिची दुसरी, कधी तिसरी. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं.

दोघी दहावी झाल्या त्या वर्षी पाऊस गेला. आमच्या मालकांना दूध संघात काम होतं, म्हणून आम्ही गावात राहिलो. दीर आणि जाऊ ऊसतोडीला साताऱ्याकडे निघाले. तिथल्या सहकारी कारखान्याचं कॉलेज होतं, मुलींच्या राहण्याची सोय होती. निघायच्या आदल्या दिवशी टँकरपाशी घागरी लावून आम्ही दोघी उभ्या होतो. ती म्हणाली, "आक्का, तुमची बी धाडा की संगं. दोघी एका खोलीत राहतील."

मी नको म्हणाले. पोरीला लांब धाडायला मन होत नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. माझ्या मुलीच्या वह्या वाचून तिची पुढं जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. मुलीला मी विचारलंसुद्धा नाही. तिला बीडच्या कॉलेजात घातलं.

दोन वर्षांनी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. माझ्या मुलीला तिच्या मुलीपेक्षा जास्त गुण होते. मी त्या आठवड्यात टँकरवर रोज सगळ्यांच्या आधी गेले. कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. दोघी-तिघींनी विचारलंही.

मग यादी लागली. जावेच्या मुलीचं नाव सरकारी मेडिकलला लागलं. आमचं नाही.

मला वाटलं, यादीत चूक आहे. मुलीला घेऊन बीडला फॉर्म भरून देणाऱ्याकडे गेले. त्यानं शांतपणे समजावलं. तेव्हाचा नियम असा होता की नुसते गुण बघत नाहीत, बारावी कुठल्या भागात झाली तेही बघतात. बहुतेक जागा त्या त्या भागातल्या मुलांना. आपल्या मराठवाड्यात कॉलेजं थोडी आणि हुशार मुलं फार. तिकडं जागा जास्त, म्हणून कमी गुणांवर नंबर लागतो. गाव एक, घर एक, पण तिची बारावी तिकडं झाली होती.

 येताना एसटीत मी मनातल्या मनात जावेला वाटेल ते बोलत आले. पाऊस नव्हता म्हणून ती गेली, अन् पाऊस नव्हता म्हणून तिचं सोनं झालं.

जाऊ पेढे घेऊन आली ती माझ्या मुलीसमोरच. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "आक्का, म्या त्या टायमाला लई म्हनलं तुमाला, पोरीला धाडा म्हनून. आज दोगी संगं गेल्या असत्या. माजी एकटीच लई रडली तिकडं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी चुलीपाशी बसली होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. जाऊ गेल्यावर तिनं विचारलं, "काकी मला नेत होती?"

मी हो म्हणाले.

"मग मला कावून नाही सांगितलं?"

मी पेढा डब्यात ठेवला, झाकण लावलं, पुन्हा काढलं. खोटं एकदा बोलून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला. त्यावर पालकाची सही लागते. ती तिनं दूध संघात जाऊन वडिलांची आणली. मला सही करता येते, हे तिला माहीत आहे.