खल्फानकाकांची भिंत

आमच्या घराण्यात शिकून मोठे झालो ते आम्ही दोघंच. मी मुहन्ना, भूगर्भशास्त्र शिकून तेल कंपनीत लागलो. माझी चुलत बहीण रय्या भूगोल शिकून गावातल्या शाळेत लागली. तिचे वडील खल्फानकाका पाहुण्यांना कॉफी देताना मला पुढे करायचे. "हा आमचा शास्त्रज्ञ. आणि ही? ही पोरांकडून नकाशे रंगवून घेते!" मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

काका फलजचे कारभारी. डोंगरपायथ्याच्या मूळ विहिरीतून जमिनीखालच्या कालव्याने गावात येणारं ते पाणी, त्यावर आमची खजुराची बाग. ते तीन वर्षं आटत आटत बंदच पडलं. झाडं वाळायला लागली. आणखी एक उन्हाळा असाच गेला असता तर बाग संपली असती.

मला बोलावणं आलं. मी हातोड्याने खडक ठोकून पाहिले, विहिरीत उतरलो आणि रुबाबात सांगितलं, "पाणी खाली गेलंय. वीस हात खोल खणा."

"पण का गेलं?" रय्याने विचारलं.

"पाऊस कमी झाला."

"पाऊस तेवढाच आहे, दादा. शाळेत नोंदी आहेत."

आठवडाभर ती शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे हिंडली. पूर कुठे पसरायचा, शेळ्या कुठे पाणी प्यायच्या, सगळं विचारून तिने नकाशावर उतरवलं आणि भर बैठकीत मांडलं. पूर्वी पूर विहिरीच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांमध्ये पसरून मुरायचा. चार वर्षांपूर्वी विहिरीत गाळ जातो म्हणून काकांनी तिथे दगडी भिंत घातली, बकरा कापून गावजेवण दिलं, भिंतीवर आपलं नाव कोरलं. तेव्हापासून पूर भिंतीला अडून पलीकडच्या ओढ्याने निघून जात होता.

काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"मुहन्ना, तू बोल. खरंय हे?"

"खरंय, काका. त्या गोट्यांत पाणी मुरतं हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तिथे पाणी येतं का, हे मी कुणाला विचारलंच नाही."

काकांनी नकाशावरच्या भिंतीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग उठले. "पहार आणा."

पहिला घाव त्यांनीच घातला, आपल्या नावावर.

हिवाळ्यात पूर आला, गोट्यांत पसरला आणि दोन दिवसांत मुरून गेला. अकराव्या दिवशी सकाळी पाटावरच्या बायका ओरडल्या आणि सारं गाव धावलं. पाणी! घोटाभर, गार, खळाळतं पाणी! मी तिथेच नाचायला लागलो.

"साहेब, खडकांनी शिकवलं वाटतं नाचायला!" रय्या म्हणाली. हसत होती, डोळे पुसत होती.

पाण्याची पहिली पाळी मशिदीच्या झाडांची, ती रीतच आहे. दुसरी कारभाऱ्याची, आणि ती काका आयुष्यभर स्वतःच्या नावाने पुकारत आले होते. ते दगडावर चढले. आवाज शेवटच्या बागेपर्यंत गेला.

"दुसरी पाळी माझ्या लेकीची! रय्याची!"