नदीपलीकडची बातमी

बेळगाव स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा हवेत अजून गारवा होता. मार्च संपत आला होता. पुण्यात पंख्याशिवाय झोप लागेनाशी झाली होती, म्हणून हा गारवा मला उगाचच शुभ वाटला. मी शिक्षकांना शिकवायला आले होते: वर्गात फोन आणि इंटरनेट कसं वापरावं, फोनवर आलेली बातमी कशी तपासावी. माझी शाळा इंग्रजी. मराठीत चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की माझा आवाज निम्मा होतो. रिक्षात मी पहिली वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होते. रिक्षावाले अण्णा आरशातून म्हणाले, "परीक्षा हाय व्हय?" मी मान हलवली. ते अगदीच खोटं नव्हतं.

शहापुरात शिरलो तशी दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खडखड ऐकू यायला लागली. एका उंबऱ्यात अर्धवट घडी घातलेली जांभळी साडी होती आणि तिच्याशेजारी चहाचा कप. तिथल्याच एका शाळेत आमचं प्रशिक्षण होतं. मराठी शाळांमधले शिक्षक बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आले होते. मी पडद्यावर पुराच्या पाण्यात पोहणाऱ्या शार्कचा बनावट फोटो दाखवला. हिंडलग्याचे पाटील सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्या पाण्यात शार्क न्हाय टिकायचा. ऊस खाऊन साखर वाढंल त्याची." सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. तिथून पुढे मी पडद्याकडे बघूनच बोलले.

मधल्या सुट्टीत गिरमिट (चिरमुऱ्यांचा ओलसर, आंबटतिखट चिवडा) आणि मिरची भजी होती. पन्नाशीच्या एक बाई बशी घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. सगळे त्यांना सुनंदाक्का म्हणत. सदलग्याच्या पुढे एका गावात त्या मुख्याध्यापिका होत्या.

"तुमचं शार्कचं ऱ्हाऊ दे," त्यांनी फोन पुढे केला. "हे खरं का खोटं, तेवढं सांगा."

कमी पटाच्या मराठी शाळा बंद होणार, अशी एका वृत्तवाहिनीची ती छोटी चित्रफीत होती. मी माझ्या पद्धतीनं तपासलं. तीच बातमी दोन-तीन वर्तमानपत्रांत सापडली. "खरी आहे," मी म्हणाले.

आक्कांनी बशी खाली ठेवली.

पाटील सर मागून वाकून बघत होते. "आक्का, ह्यो मंत्री कुठला म्हणं? ह्यो तर महाराष्ट्राचा! आपला बेंगळुरात बसतोय की."

पुन्हा हशा झाला, पण आक्का हसल्या नाहीत. त्यांच्या गावापासून नदी ओलांडून थोडं गेलं की महाराष्ट्र लागतो. शाळेचे आदेश येतात कन्नडमधून, पण गावाच्या बातम्या येतात कोल्हापूरकडून, मराठीत. "बातमी मराठी, शाळा मराठी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपलीच. मीच पालकांच्या ग्रुपवर टाकली. आता एकेक जण दाखला मागाय यायला लागलाय."

"मग खुलासा टाका की," सर म्हणाले.

"टाकला. कोण वाचतंय? आणि पोरं गेली, तर बातमी खोटी ठरंल, पर शाळा खरीच बंद पडंल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या पालकांना बोलावलंय. तुम्ही या. पुण्याच्या मॅडम म्हटल्यावर ऐकत्यात."

नाही म्हणायला मला नेहमी उशीर होतो. त्या दिवशीही झाला.

दुसऱ्या दिवशी तवंदीचा घाट उतरून बस निपाणीत पोचली. स्टँडवर तंबाखूचा उग्र वास होता आणि गाड्यांवरच्या पाट्या कन्नडमध्ये. अक्षरं गोल, सुंदर, आणि मला पूर्ण बंद. समोरच्या गाडीत खिडकी धरून बसले. शेजारच्या आप्पांनी विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"सदलग्याला."

"ही बेळगावला चाललीया. उतर, उतर!" कंडक्टरनं शिट्टी मारलेली असताना त्यांनी ओरडून गाडी थांबवली आणि मला हात करून बरोबर गाडी दाखवली.

पुढचा रस्ता उसातून जात होता. मधूनच माझ्या फोननं महाराष्ट्रात स्वागत केलं आणि दोन वळणांनंतर पुन्हा कर्नाटकात. मी खिडकीबाहेर पाहिलं. दोन्हीकडे तोच ऊस होता.

गावी पोचल्यावर आक्कांनी आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, ताकातला कांदा. "खा गं, वाऱ्यानं उडशील." शाळा दोन खोल्यांची होती, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. व्हरांड्यात पालक जमले, बहुतेक आयाच. शेतावरून तशाच आलेल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या.

"चला, बोला," आक्का हळूच म्हणाल्या.

मराठीत बोलायची भीती होतीच. पण गप्प राहायचं कारण तेवढंच नव्हतं. "आक्का," मी म्हणाले, "तिकडच्या माणसांचं ऐकूनच तर हे झालं. मीही तिकडचीच."

मला वाटलं, त्या रागावल्या. मग पदर खोचून पुढे झाल्या.

"ती बातमी मी टाकली," त्या म्हणाल्या. "न बघता टाकली. चूक माझी."

आक्कांनी पाचवीच्या मुलांना पुढे बोलावलं, शाळेच्या टीव्हीवर ती चित्रफीत लावली आणि ती मध्येच थांबवून विचारलं, "कोण बोलतंय? कुठला मंत्री?" मुलं पडद्यावरची पट्टी वाचायला लागली. एक मुलगी ओरडली, "बाई, खाली महाराष्ट्र लिवलंय!"

"मग आपलं सरकार कुठलं?"

"कर्नाटक!" सगळी एकदम.

"घ्या," एक आई शेजारणीला ढोसत म्हणाली, "तू तर दप्तरबी आवरून ठेवलंतंस!" दोघी पदराआड हसल्या.

आक्कांनी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात सकाळी फोन केला होता. असा आदेश नाही, हे त्यांनी आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये सांगितलं. तेवढ्यात मागून एक बाप उठला. "आणि उद्या आपल्याच मंत्र्यानं तसं सांगितलं तर?"

"त्याची हमी मी कुठनं देऊ, दादा?" आक्का म्हणाल्या. "पर वर्ग भरलेला दिसला, तर तसं म्हणाय कुणाची जीभ रेटंल?"

तो हसला नाही, पण खाली बसला. तरीही एका कुटुंबानं दाखला नेलाच. बाकीचे पांगले ते पहिलीच्या नावनोंदणीविषयी बोलत.

परतीच्या गाडीत मला एकच गोष्ट बोचत होती. मी तपासलेलं सगळं बरोबर होतं आणि उत्तर चुकलं होतं. बातमी खरी की खोटी, एवढंच विचारायला मी शिकले होते. ती कुणाची, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, कारण मी वाढले तिथे बातमी नेहमी आमचीच असायची. पुण्यात आल्यावर मी प्रशिक्षणातून शार्क काढून टाकला.

शाळा उघडल्यावर आक्कांचा फोन आला. पहिलीचा वर्ग सुरू झाला होता. लहानच, पण सुरू. गेलेलं कुटुंब परत आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला आणखी एक बातमी पाठवली, मुलांच्या परीक्षेविषयी काहीतरी. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्यांचा पुढचा निरोप आला:

"तुम्ही थांबा. आधी मी बघते."