काच, जपून

"अहो कारकून, खोटं नको हं!"

खिडकीच्या जाळीला जवळजवळ नाक लावून त्या हे म्हणायच्या. अंधेरीच्या एका पोस्टात मी तेव्हा पार्सलांच्या खिडकीवर बसत असे. काम लवकर व्हायला हवं असलं की लोक मला 'पोस्टमास्तरसाहेब' म्हणत आणि मीही खुशाल म्हणवून घेई. या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मास्तर का?" मी म्हटलं, "तसंच समजा." "तसं कसं समजू? खोटं नको," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मी 'अहो कारकून' झालो. मला राग आला. चारचौघांत पाणउतारा झालेला कोणाला आवडतो?

पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावरचा राग फार दिवस टिकत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात होता, काश्मीरच्या हद्दीवर. त्याला त्या नानकटाई पाठवत. तेव्हा घरात भट्टी कुठली? मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बायका बेकरीत जात, पत्र्यांवर नानकटाई मांडून देत आणि भाजून झाली की डबा भरून घरी नेत. बेकरीवाला एकदा या बाईंना म्हणाला, "निम्मं वनस्पती तूप घाला ना. तिकडे बर्फात कोणाला कळणार?" "मला कळेल ना!" म्हणाल्या आणि आपला पत्रा दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून भट्टीपुढे घाम पुसत उभ्या राहिल्या.

डबा कापडात शिवून खिडकीवर आला की आधी एक पुडी माझ्यापुढे सरकायची. "ही तुमची. लाच नाही हं. वास सुटलाय, म्हणून."

अडचण एकच होती. नानकटाई पोचायची, पण तिचा चुरा होऊन. मुलगाही आईवरच गेलेला. त्यानं कळवलं, 'आई, चुरा चांगला होता.' मग बाईंनी डब्यात चुरमुरे भरून पाहिले, कापूस भरून पाहिला. त्यावर निरोप आला, 'कापूस चांगला नव्हता.' हे मला सांगताना त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

एकदा दिवाळीच्या आधी त्या आल्या त्या न हसता. पुडी द्यायलाही विसरल्या.

"पोराचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "लिहितो, पहाऱ्यावर भीती वाटते. घरी यावंसं वाटतं."

मागे रांग उभी होती. मी म्हटलं, "काकू, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! वाटते भीती, तर वाटते. घरी ह्यांचंही तेच, कोणापुढे बोलू नकोस म्हणून. मी खोटं कशाला बोलू?" मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "भीतीवर काय लिहायचं ते मला सुचेना हो. म्हणून नानकटाई केली. या खेपेला तरी सबंध पोचू दे."

मला भारी वाईट वाटलं. मी लाल शाईची दौत पुढे ओढली. "वर 'काच, जपून' असं लिहू. मग कोणी आपटणार नाही."

"आत काच कुठाय?"

"कोण उघडून बघणार आहे, काकू?"

"खोटं नको."

रांगेतून एक जण करवादला, "अहो बाई, लिहू द्या ना त्यांना! आम्हालाही घरं आहेत."

बाईंनी जरासा विचार केला. मग पदराला टोचलेली सुई काढली, डब्याची शिवण उसवली आणि डाव्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या हात चोळून चोळून, न फोडता उतरवल्या. रुमालात गुंडाळून नानकटाईवर ठेवल्या आणि तिथेच उभ्या राहून डबा पुन्हा शिवला.

"आता लिहा. आता खरं झालं."

सगळी रांग हसली. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि डबा गेला.

दुसऱ्या दिवशी ही गंमत मी आमच्या मालवणी पोस्टमनला सांगितली. तो हसला नाही. "लष्करातल्या झिलाक आवशीन कांकणां धाडली? अहो, वाट लागली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भीती वाटते म्हणणाऱ्या शिपायाला घरून बांगड्या! 'हातात बांगड्या भर' याहून वाईट आपल्याकडे पुरुषाला काय बोलतात? संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. "अगं बाई! माझ्या ध्यानीमनीही नव्हतं हो." त्यांनी तिथल्या तिथे कार्ड लिहिलं. 'बांगड्या काच म्हणून घातल्या आहेत. दुसरं काही नाही.' पण वर बर्फ पडून रस्ते बंद झाल्याच्या बातम्या होत्या. पार्सल आधी पोचणार की कार्ड, कोण सांगणार?

उत्तर येईना. बाई रोज खिडकीशी येत. "आलं काही?" मी मान हलवी. एकदा मी उगीच म्हटलं, "उद्या येईल, काकू, नक्की." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'खोटं नको' म्हणाल्या नाहीत.

थंडी सरता सरता एक रापलेला तरुण खिडकीशी आला.

"अहो कारकून," तो म्हणाला, आणि मी ओळखलं! मागे बाई उभ्या होत्या, डोळे पुसत.

"कार्ड आधी पोचलं ना?" मी विचारलं.

"छे! पार्सल आधी. बांगड्या बघायला सगळी बराक जमली. एक जण म्हणाला, आईनं टोमणा मारलाय. मी म्हटलं, आमच्या आईला टोमणा मारता येत नाही. भित्रा म्हणायचं असतं तर तिनं कार्डावर लिहिलं असतं, तू भित्रा आहेस." तो हसला. "मग वरचं 'काच' वाचलं आणि कळलं. एकही नानकटाई मोडली नव्हती. मी लगेच लिहिलं होतं, पण ते पत्र अजून माझ्या मागून येतंय."

"आणि भीती गेली का रे?" बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"नाही गं. पण त्या दिवशी नानकटाई खाता खाता सगळ्यांनी आपापली सांगितली. आता बरं वाटतं."

त्यानं खिशातून रुमाल काढला. बांगड्यांना तडासुद्धा गेला नव्हता. बाईंनी त्या तिथेच हातात घातल्या. उतरवताना केवढ्या अडल्या होत्या, आता सहज चढल्या. एवढ्या महिन्यांत हात पार वाळला होता त्यांचा.

त्यानंतरही डबे जात राहिले. त्याच दोन बांगड्या डब्यातून जायच्या आणि त्याच्या सुटीबरोबर परत यायच्या.

मग एका वर्षी डबा घेऊन एक नवी नवरी आली. "सासूबाईंचे गुडघे धरलेत," ती म्हणाली. "आता मीच येणार." मी दौत ओढली, तशी ती "थांबा हं, सासूबाईंच्या त्या दोन अजून तिकडेच आहेत" म्हणून स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवू लागली. लग्नातल्या बांगड्या त्या, अगदी घट्ट. निघेनात.

"राहू दे गं," मी म्हटलं. "मी लिहितो तसंच."

"नको. सासूबाईंनी सांगितलंय, कारकून म्हणतील राहू दे, पण ऐकू नकोस."

मी मुकाट्यानं उठलो आणि मोरीवरचा साबण आणून दिला.