खोडरबरकाका

आमच्या मावशीच्या यजमानांना घरात सगळे पाठीमागे खोडरबर म्हणतात. तोंडावर काका म्हणतात, कारण तोंडावर खोडरबर म्हटलं तर ते त्याचाही अर्थ कौतुक असाच लावतील. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. व्यसन एकच. जे दिसेल ते स्वच्छ करायचं, आणि जे आपल्याला कळत नाही ते कचरा समजायचं.

नोकरीत असताना हे व्यसन पाणीपुरवठा कार्यालयाने पोसलं. जुनी कागदपत्रं निकालात काढण्याच्या विभागात काका होते, आणि त्यांनी ती इतकी मन लावून निकालात काढली की निरोपसमारंभात साहेब म्हणाले, यांच्यामुळे कार्यालयात हवा खेळू लागली. ते खरंच होतं. जमिनीखालून कुठली पाइपलाइन कुठे जाते हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नव्हतं, तेवढं साहेबांनी भाषणात घेतलं नाही.

निवृत्तीनंतर काकांनी मोर्चा घराकडे वळवला. औषधांच्या बाटल्यांवरची चिकट, मळकी लेबलं त्यांनी गरम पाण्यात भिजवून सोलून काढली, बाटल्या चकचकीत केल्या आणि उंचीप्रमाणे मांडल्या. तेव्हापासून मावशीच्या घरी कुणाला खोकला झाला तर तो अंगावरच काढतात. मावशीच्या फोनमध्ये ‘प्लंबर चांगला’ आणि ‘प्लंबर नको’ अशी दोन नावं होती. ही भाषा काकांना असभ्य वाटली. आता दोघेही नुसते प्लंबर आहेत, आणि फोन लावला की नेमका नको असलेला येतो. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या घासून काढल्या त्या दिवशी मावशी रडली. काका खरोखर बुचकळ्यात पडले. म्हणाले, ‘अगं, मुलं मोठी झाली की आता. रेघा कशाला हव्यात?’

मावशीचं शिवणाचं दुकान आहे. पुरुषांचे कोट, पॅन्ट, जाकिटं. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, दोन मशीन, कोपऱ्यात ट्रायलसाठी पडदा आणि दाराजवळ पुरुषभर उंचीचा आरसा. दुकानात काकांना मशीनला हात लावायची बंदी, कात्रीला बंदी, आणि खडूच्या आसपास फिरकायचीही बंदी, कारण कापडावरच्या खडूच्या खुणा म्हणजे त्यांच्या लेखी डाग. राहता राहिला कॉम्प्युटर. तिथे बसा, म्हणाली मावशी. तिथे बसून माणूस काय वाकडं करणार, असा तिचा समज होता. मी तिच्या हाताखाली शिकायला आले तेव्हा माझाही तोच समज होता.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक फोल्डर. आत मापाचा कागद आणि पुढून-बाजूने काढलेले फोटो. मावशीला माणसं नावाने आठवतच नाहीत, त्यामुळे फोल्डरांची नावं ‘बँकवाले चष्मा’, ‘दूधवाले थोरले’, ‘गाणारे डॉक्टर’ अशी. आणि बहुतेक नावांच्या शेपटाला मावशीने काही ना काही चिन्ह चिकटवलेलं. उद्गारचिन्ह म्हणजे हा गृहस्थ माप देताना पोट आत ओढून उभा राहतो, कंबर सैल धरा. अधिकची दोन चिन्हं म्हणजे ‘महिन्याभरात बारीक होणार आहे’ असं सांगतो, अजिबात विश्वास ठेवू नका. जाळीसारखं चिन्ह म्हणजे बायकोसमोर याच्या कमरेचा आकडा मोठ्याने बोलायचा नाही. आणि नागमोडी रेघ म्हणजे एक खांदा उतरलाय, त्या बाजूला गुपचूप पॅड भरा आणि तोंडातून अवाक्षर काढू नका. हे मापाच्या कागदावर लिहायची सोय नव्हती, कारण मापं देताना प्रत्येक गिऱ्हाईक त्या कागदात डोकावतंच. म्हणून ही चिन्हं. त्यांचा अर्थ मावशीला ठाऊक आणि तिने सांगितला म्हणून मला. काकांना तिने सांगितला नव्हता. त्यांना काही सांगितलं की ते आधी त्याची धूळ झटकायला घेतात.

मावशीच्या मुलीला बाळ झालं आणि मावशी तिच्याकडे गेली. दुकान माझ्यावर आणि कॉम्प्युटर काकांवर. जाताना ती मला बजावून गेली, ‘अडलीस तर फोल्डर बघ. सगळं फोल्डरवर आहे.’

काकांनी फोल्डर बघितले. त्यांना वाटलं, कीबोर्डवर कुणाचं तरी कोपर पडलं असावं. इतकी वर्षं, इतक्या नावांवर, रोज कोपर पडत होतं, असा त्यांचा निष्कर्ष. एकेक नाव दुरुस्त करायचं तर जन्म जायचा. म्हणून त्यांनी व्हिडिओ बघून बघून एक युक्ती शिकून घेतली. सगळे फोल्डर एकदम निवडायचे, नको असलेली अक्षरं कुठली ते एका चौकोनात लिहायचं आणि बटण दाबायचं. एका बाजूला जुनी नावं, दुसऱ्या बाजूला नवी नावं, आधी दिसतातही. काकांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, समाधानाने मान हलवली आणि बटण दाबलं. मग जुनी प्रत शिल्लक होती ती काढून टाकली, कारण दोन-दोन प्रती म्हणजे पसारा. आणि मला यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही. मावशी आली की तिला चकित करायचं होतं. दुकानात आपलाही काही उपयोग आहे, हे तिने एकदा तरी आपल्या तोंडाने म्हणावं, एवढीच त्या माणसाची भूक होती. मला ती दिसत होती आणि त्याचाही मला वैताग यायचा.

त्याच सुमारास ‘बस ड्रायव्हर’ यांच्या बायकोचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय, ह्यांना कोट हवाय, माप जुनंच धरा. ड्रायव्हर पूर्वी लांब पल्ल्याची बस चालवायचे. मग अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. हात परत आला, पाय परत आला, फक्त बस गेली आणि डेपोतली चौकशीची खिडकी मिळाली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाव टाकून फोल्डर उघडला. आतले फोटो आजारापूर्वीचे. नावापुढे काही नाही, म्हणजे सरळ गिऱ्हाईक. कागदावरच्या मापाने कोट कापला, कच्चे टाके घातले आणि ट्रायलसाठी हँगरला लावला.

मावशी परत आली ती थेट दुकानात. खांद्यावरची पिशवीही तिने अजून उतरवली नव्हती. काका तिचीच वाट बघत होते.

‘बस. आधी इथे बस. आता बघ. काय दिसतं?’

‘काय दिसतं?’

‘काहीच नाही ना? तेच तर!’

मावशीने यादी वर नेली, खाली आणली. परत वर नेली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तसतसा काकांना आणखी चेव चढला. किती वेळ लागला, किती सोपं आहे, पूर्वी केवढा गोंधळ होता. शेवटी मावशीने त्यांना थांबवलं, आणि प्रत्येक चिन्ह काय सांगत होतं ते एका दमात, न ओरडता सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. काका ऐकत उभे राहिले. नंतर बारीक आवाजात म्हणाले, ‘मला काय माहीत?’

‘विचारायचं!’ मावशी म्हणाली. मग तिची नजर हँगरकडे गेली. ‘हा कोणाचा?’

‘ड्रायव्हरांचा,’ मी म्हटलं.

‘डाव्या बाजूला पॅड घातलंस ना गं?’

मी उत्तर द्यायच्या आत ड्रायव्हर दारात उभे होते.

‘ताई, आलात का? बरं झालं. बघू तर नवरीच्या बापाचा कोट!’ मावशी खुर्चीतून उठेपर्यंत त्यांनी तो हँगरवरून काढून अंगात घातलासुद्धा.

मावशी म्हणाली, ‘इकडे या, इकडे उजेड चांगला आहे.’ आजारानंतर तिने त्यांना दर वेळी असंच आरशाकडे पाठ करून उभं केलं होतं. पण मुलीच्या लग्नाचा कोट घातलेला माणूस आरशाकडे पाठ कशी करेल? ते वळले होते.

उजवी बाजू झकास बसली होती. डावा खांदा खाली होता. बगलेखाली कापडाच्या चुण्या पडल्या होत्या आणि बाही बोटांवर आली होती. ड्रायव्हरांनी हसत हसत कोट डावीकडून वर ओढला. हात सोडल्यावर तो परत खाली आला. त्यांनी पुन्हा ओढला. मग त्यांनी कोट काढून टेबलावर ठेवला आणि नुसत्या शर्टात आरशासमोर उभे राहिले. शर्टातही तेच.

‘कापताना चूक झालीय,’ मावशी घाईने म्हणाली. ‘पोरगी नवीन आहे. मी स्वतः उसवून—’

‘पोरीची चूक नाही,’ काका म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. हा माणूस चुकीची गोष्ट चुकीची राहू देणार नाही, मग समोरच्याचा जीव गेला तरी चालेल.

‘तुमच्या नावापुढे खूण होती,’ काका म्हणाले. ‘खांदा उतरलाय, पॅड भरा, अशी. ती मी खोडली. मला कळलं नाही कशाची आहे ते.’

मावशीने डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर स्टुलावर बसले.

‘कधीपासूनची खूण?’

‘आजारपणानंतरची,’ मावशी म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. ‘तेव्हा जाकीट शिवलं ना तुमचं, त्यातही आहे. तुमच्या मिसेस येऊन सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांना वाटतंय सगळं पहिल्यासारखं झालंय. वाटू दे.’

ड्रायव्हरांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘घरातला मोठा आरसा तडकलाय म्हणून काढला तिने. मी म्हटलं, नवीन आणू. तर म्हणते, या वयात काय बघायचंय? दाढीच्या आरशात तोंडच तेवढं दिसतं.’ त्यांनी आरशाकडे पाहिलं. ‘म्हणजे डेपोत सगळ्यांना दिसतंय. मलाच तेवढं नाही.’

मला काकांचा एवढा संताप आला होता की मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. एका सभ्य माणसाला त्यांनी लग्नाच्या तोंडावर त्याचा स्वतःचा खांदा दाखवला होता, आणि तोही फोल्डर देखणे दिसावेत म्हणून.

ड्रायव्हर उठले. कोट उचलून मावशीच्या हातात दिला.

‘पॅड भरा, ताई. मुलीच्या फोटोत सरळ दिसू दे. आणि एक करा. मला कळलंय हे घरी जायला नको. एवढं जपलंय तिने मला. तिला वाटू दे मला माहीत नाही.’

ते गेल्यावर मावशी खांदा उसवत बसली. काकांशी एक अक्षर बोलली नाही. काका कॉम्प्युटरसमोर गेले, ड्रायव्हरांचा फोल्डर शोधला, नावापुढे नागमोडी रेघ टाकली आणि अडले.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘खांदा उतरलाय, त्याला ही खूण. पण आता त्यांना कळलंय, आणि कळलंय हे त्यांच्या बायकोला कळता कामा नये. याला कुठलं चिन्ह?’

मावशीने मान वर केली नाही. ‘याला चिन्ह नाही. हे डोक्यात ठेवायचं.’

‘डोक्यात?’ काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते घाबरलेले दिसले.

कोट न्यायला ड्रायव्हरांच्या बायको आल्या तेव्हा मावशी आत कापड भिजवत होती. बाहेर मी आणि काका. बाईंनी कोट हातात घेतला, अस्तर बघितलं, बटणं बघितली आणि मग अगदी सहज केल्यासारखं डावा खांदा बोटांनी दाबून पाहिला. पॅड लागलं. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मावशी दिसेना, तेव्हा आवाज खाली आणून काकांनाच विचारलं, ‘दादा, हे ट्रायलला येऊन गेले ना? त्यांना काही जाणवलं नाही ना?’

मी मावशीला बोलवायला आतल्या दाराकडे निघाले.

काकांनी कोट घेतला, सावकाश घडी घातली, पिशवीत ठेवला.

‘काय जाणवायचंय?’ ते म्हणाले. ‘कोट मस्त बसला. आरशासमोरून हलायलाच तयार नव्हते.’

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले, लग्नाला सगळ्यांनी यायचंच म्हणून सांगितलं आणि पिशवी छातीशी धरून गेल्या. काका टेबलावरचे दोरे वेचायला लागले. वेचलेले दोरे परत टेबलावरच टाकत होते आणि परत वेचत होते. या माणसाला मी आयुष्यभर माफ करणार नव्हते. मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला.